एकटा मजूर गेला तर चौकशी कोण करणार?

पुण्यात बांधकामावर माणूस मेला तर त्याची बातमी किती मोठी होणार हे किती जण मेले त्यावर ठरतं. 2016 च्या जुलैमध्ये बालेवाडीत स्लॅब कोसळून 9 मजूर गेले तेव्हा सगळं शहर हादरलं. 2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, 15 जण गेले, त्यात लहान मुलं होती, तेव्हा मंत्री आले, चौकशी समिती आली. 2022 च्या फेब्रुवारीत येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी कोसळून 5 मजूर गेले, दोन-चार दिवस तरी चर्चा झाली. पण पोकलेनच्या बकेटचा फटका बसून एक हेल्पर गेला, हायड्रा क्रेनने उचललेला लोखंडाचा बंडल सटकून एका फिटरचा पाय गेला, रिव्हर्स येणाऱ्या काँक्रीटच्या गाडीखाली, म्हणजे ट्रान्झिट मिक्सरखाली, एक बाई आली, यांचं काय होतं? आतल्या पानावर चार ओळी, "ऑपरेटरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल", बास. बऱ्याच वेळा त्या चार ओळीही येत नाहीत.

यात नुसता पेपरवाल्यांचा दोष नाहीये, आपला कायदाच पाचपर्यंत मोजायला बसलेला होता. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम 39 बघा. अपघातात मजूर मेला किंवा 48 तास नाहीतर त्याहून जास्त वेळ काम करू शकला नाही तर मालकाने सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं, इथपर्यंत ठीक आहे. पण एक महिन्याच्या आत चौकशी झालीच पाहिजे हे बंधन कधी, तर पाच किंवा जास्त माणसं मेली तरच. चार मेली, दोन मेली, एक मेला, तर अधिकाऱ्याला गरज वाटली तर तो चौकशी करणार. आता मशीनचा अपघात कसा असतो ते डोळ्यासमोर आणा. स्लॅब पडला तर खाली आठ-दहा जण सापडतात, पण जेसीबी मागे येताना एकालाच चिरडतो, क्रेनचा स्लिंग, म्हणजे माल बांधलेला पट्टा, तुटला तर खाली उभा असलेला एकच जातो, हॉइस्टच्या, म्हणजे माल वर नेणाऱ्या लिफ्टच्या, गेटमधून वाकून बघणारा एकटाच असतो. म्हणजे मशीनने होणारे जवळजवळ सगळे मृत्यू त्या सक्तीच्या चौकशीतून आपोआप बाहेर. पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललं, आणि सुरक्षेचे नियम मोडल्याची शिक्षा होती जास्तीत जास्त तीन महिने किंवा 2,000 रुपये दंड. दोन हजार रुपयांत आज पोकलेन दोन तासही मिळत नाही.

आता यात एक मोठा बदल झालाय, आणि त्याच्याबद्दल पुण्यात कोणी फार बोलत नाही म्हणून मी हे लिहितोय. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यातल्या कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या कोडमध्ये असं आहे की बांधकामावर एक जरी माणूस मेला तरी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत चौकशी झाली पाहिजे. एकाच्या मृत्यूलाही. नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा तरी हिस्सा पीडिताच्या वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. मला या कोडमधल्या बऱ्याच गोष्टी पटत नाहीत, इन्स्पेक्टरला "फॅसिलिटेटर" करून टाकणं तर अजिबात पटत नाही, पण ही एक तरतूद चांगली आहे आणि ती मजुराच्या बाजूची आहे. अडचण ही की चौकशी करा म्हटलंय, पण तिचं पुढे काय करायचं, अहवाल कोणाला दाखवायचा, त्यातून दुसऱ्या साइटवाल्याने काय शिकायचं, यावर या तरतुदीत काहीच नाही. चौकशी होऊन फाइल कपाटात गेली तर पाच मेल्यावर चौकशी काय आणि एक मेल्यावर काय, सारखंच. माझं म्हणणं एवढंच आहे की हे अहवाल लोकांसमोर आले पाहिजेत, प्रत्येक प्रोजेक्टच्या नावासकट.

हे का गरजेचं आहे हे कळण्यासाठी मशीनचा अपघात नक्की कसा होतो ते नीट बघावं लागेल. मी काही वर्षं वाकड, पुनावळे, रावेत या पट्ट्यात साइट इंजिनियर म्हणून काम केलंय, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

हायड्राचंच घ्या. पुण्यातल्या कुठल्याही साइटवर ही पिवळी क्रेन दिसते, बूम, म्हणजे माल उचलायचा लांब दांडा, पुढे, ड्रायव्हर मागे, आणि माल उचलून चालत जाते. जुन्या पद्धतीच्या हायड्रात ड्रायव्हरला समोरचं नीट दिसतच नाही, कारण त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये बूम आणि लटकणारा माल असतो. माल झुलतो, मग तो झुलू नये म्हणून दोन पोरं दोन्ही बाजूंनी हाताने धरून मशीनसोबत चालतात. खरं तर लांब दोरी बांधून, मालापासून दूर राहून तो धरायचा असतो, पण दोरी आणायला गोडाऊनपर्यंत कोण जाणार. समोर एक खड्डा आला, मशीन हललं, माल त्या पोराच्या अंगावर, किंवा पोराचा पाय घसरला आणि तो पुढच्या चाकाखाली. वर ही मशीन मधून वाकते, आर्टिक्युलेटेड असते, वळली की तिची उचलायची ताकद कमी होते, बूम लांब काढला की अजून कमी होते, चालताना त्याहून कमी. मशीनवर 14 टन लिहिलेलं असतं म्हणून साइटवरचा सुपरवायझर म्हणतो अरे 14 टनाची आहे, उचल की, पण ते 14 टन बूम आत असताना आणि मशीन सपाट जमिनीवर उभी असतानाचे असतात. कुठल्या बूमला किती हा लोड चार्ट मशीनमध्ये असायला हवा. बऱ्याच मशीनमध्ये तो पुसलेला असतो नाहीतर नसतोच.

ज्या मोठ्या कंपन्या स्वतःच्या साइटवर सेफ्टी गंभीरपणे घेतात त्यातल्या बऱ्याच जणांनी जुनी हायड्रा गेटच्या आत घ्यायचं बंद केलंय, ज्या क्रेनमध्ये केबिन पुढे असते आणि समोरचं दिसतं तीच आणा म्हणतात. म्हणजे धोका माहीत नाही असं नाही, उपायही माहीत आहे. पण जी मशीन तिथून हाकलली ती भंगारात जात नाही ना, ती पाच-सहा मजल्यांच्या छोट्या साइटवर कमी भाड्यात येते.

लांब बूममधून काँक्रीट वर पोचवणाऱ्या बूम पंपाचं अजून वेगळं. त्याचे पाय बाहेर काढून, खाली लाकडाच्या जाड फळ्या टाकून तो उभा करायचा असतो. बेसमेंटच्या खड्ड्याच्या कडेला, कालच भरलेल्या मातीवर तो उभा केला, वर पाऊस झालेला, की एक पाय खाली जातो आणि सगळा बूम खाली येतो. आपल्याकडे कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे सरळ बेसाल्ट, दहा फुटांत जमीन बदलते, त्यामुळे इथे उभा करू का हा निर्णय ऑपरेटरने अंदाजाने घ्यायचा नसतो, इंजिनियरने बघून घ्यायचा असतो. पाइपात हवा अडकली तर शेवटचा रबरी होज चाबकासारखा फिरतो आणि तो धरणारा माणूस फेकला जातो. वर हाय टेन्शन लाइन असेल तर बूम तारेला लागायचीही गरज नाही, जवळ गेला तरी करंट येतो. मटेरियल हॉइस्टच्या गेटला लिमिट स्विच असतो, गेट उघडं असेल तर लिफ्ट हलणार नाही अशी सोय असते, पण तो बिघडला की दुरुस्त करायच्या ऐवजी वायर जोडून बायपास करतात कारण काम थांबतं. हे मी बघितलंय, एकदा नाही.

आणि काम थांबू द्यायचं नाही हेच या सगळ्याच्या मुळाशी आहे. रेडीमिक्सचा माल, म्हणजे तयार काँक्रीट, प्लँटमधून निघाला की साधारण दोन तासांत उतरवायचा असतो, नाहीतर सेट व्हायला लागतो. दिवसा गर्दीच्या वेळी जड गाड्यांना शहरात बंदी, मग स्लॅबचं काँक्रीट रात्री ओतायचं. गाडी हिंजवडीच्या नाहीतर वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की साइटवर पोचेपर्यंत वेळ संपत आलेला असतो, मग गाडी घाईघाईत रिव्हर्स घ्यायची, मागे सिग्नलमन नाही, लाइट अर्धे बंद, आणि सकाळी आठला कामावर आलेला तोच हेल्पर रात्री दोनलाही तिथेच उभा. शेजारच्या सोसायटीवाल्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून रिव्हर्स हॉर्नची वायर काढून ठेवलेली असते, हेसुद्धा मी बघितलंय. शेजाऱ्यांची झोपमोड होते हे खरं आहे, पण त्यावर उपाय रात्रीचं काम आटोक्यात ठेवणं हा आहे, मागे उभ्या असलेल्या माणसाला गाडी येतेय हे कळूच न देणं हा कसा असेल?

आता अशा रात्री माणूस गेला तर गुन्हा कोणावर? ऑपरेटरवर. आधी आयपीसी 304 अ होतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आलं, पाच वर्षांपर्यंत. शिक्षा वाढली, पण ती कोणाची वाढली हे बघा. तो ऑपरेटर बहुतेक वेळा झारखंड, बिहारचा नाहीतर आपल्याच नांदेड, बीड, जालन्याचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा असतो, जो आधी त्याच मशीनवर हेल्पर होता आणि जेवणाच्या सुट्टीत उस्तादाच्या जागी बसून शिकला. त्याने चूक केली असेलही. दारू पिऊन चालवत असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण कुठली मशीन आणायची, कुठल्या जमिनीवर उभी करायची, किती वाजेपर्यंत चालवायची, सिग्नलमन द्यायचा की नाही, यातला एकही निर्णय त्याचा नसतो. तो पोरगा आत गेला की सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपतो, आणि ज्याने तो निर्णय घेतला तो पुढच्या स्लॅबच्या तयारीला लागतो.

मशीन भाड्याने घ्यायची पद्धत अशी आहे की जबाबदारी पकडायला गेलं तर हातातून निसटते. बिल्डर काम देतो मेन कॉन्ट्रॅक्टरला, तो आरसीसीचं काम देतो दुसऱ्याला, तो मशीन मागवतो तासाच्या हिशोबाने एका मशीनवाल्याकडून, त्याच्याकडे त्या दिवशी मशीन नसेल तर तो ओळखीतल्या दुसऱ्याची पाठवतो. मशीन हप्त्यावर घेतलेली, त्यामुळे ती उभी राहिली तर मालकाचं नुकसान, म्हणून डबल शिफ्ट. मजूर वेगळ्याच ठेकेदाराचा, कधी कधी त्याच दिवशी सकाळी वारज्याच्या नाहीतर डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावरून उचललेला, त्याला साइटवर मशीन कुठून कुठे फिरते हेही माहीत नसतं. वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ असते, अपघाताची सगळी जबाबदारी मशीनमालकाची. नियमाप्रमाणे क्रेन आणि तिचे स्लिंग, शॅकल (माल अडकवायच्या कड्या) वर्षातून एकदा तरी कॉम्पिटंट पर्सनकडून, म्हणजे मान्यता असलेल्या तपासणाऱ्याकडून, तपासून सर्टिफिकेट घ्यायचं असतं. गेटवर ते सर्टिफिकेट आणि ऑपरेटरचं लायसन बघणारा माणूस किती साइटवर आहे, हे तुम्ही स्वतः कुठल्याही साइटच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहून बघा.

नुकसानभरपाईचं तर बहुतेक मजुरांच्या घरच्यांना माहीतच नसतं. 1923 पासूनचा कायदा आहे, आता सोशल सिक्युरिटी कोडमध्ये सामावला गेलाय, सूत्र तेच आहे. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हिशोबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा असं 2020 मध्ये ठरलं, तीस वर्षांच्या माणसासाठी आकडा आहे 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. चूक कोणाची होती हे वारसांना सिद्ध करावं लागत नाही, आणि मजूर सबठेकेदाराचा असला तरी मूळ काम देणाऱ्याकडूनही ही रक्कम मागता येते. वर्क ऑर्डरमध्ये काहीही लिहिलेलं असू दे, मजुराचा हा हक्क जात नाही. प्रत्यक्षात काय होतं? ॲम्ब्युलन्स करून बॉडी गावाला, हातात एक-दोन लाख, एका कागदावर अंगठा की आमची काही तक्रार नाही. आणि कायदा तर स्पष्ट सांगतो की मृत्यूची भरपाई मालकाने त्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची, परस्पर घरच्यांना दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही. म्हणजे तो अंगठा घेतलेला कागद बिनकामाचा आहे. दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. हे कोणाच्या ओळखीत कोणाबाबत घडलं असेल तर कृपया त्यांच्यापर्यंत एवढं तरी पोचवा, कारण मेलेल्या मजुराची बायको त्या वेळी बिहारमधल्या सासाराम नाहीतर नांदेडकडच्या किनवटच्या एखाद्या गावात बसलेली असते आणि तिला हे कोणीही सांगत नाही.

पाय गेलेल्याचं दुखणं त्याहून वाईट, असं मला वाटतं. मेलेल्याचं निदान नाव तरी कुठेतरी लिहिलं जातं. ज्याचा पंजा हॉइस्टच्या दोरात गेला, पाय ट्रान्झिट मिक्सरच्या चाकाखाली गेला, तो ससून रुग्णालयात काही दिवस, मग गावाला, आणि साइटच्या हजेरीपटात फक्त "काम सोडून गेला".

यावर जी दोन उत्तरं ठरलेली आहेत ती मी बरीच वर्षं ऐकतोय. पहिलं, मजूरच ऐकत नाहीत, हेल्मेट दिलं तरी घालत नाहीत. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्यात वाद नाही, पण पोकलेनचा बकेट लागला तर हेल्मेट काय करणार, आणि वीस टनांचा मिक्सर मागे येतोय तिथे हेल्मेटचा काय उपयोग? मशीनच्या अपघातावर उपाय माणसाच्या डोक्यावर नसतो, मशीन आणि माणूस एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत याच्यात असतो. मशीनचा रस्ता वेगळा, चालणाऱ्यांचा वेगळा, मध्ये बॅरिकेड, फिरणाऱ्या बकेटच्या घेऱ्यात कोणी नाही, रिव्हर्सला सिग्नलमन, आणि माल उचलताना त्याच्याखाली कोणी नाही. यातली एकही गोष्ट मजुराच्या हातात नाही, सगळ्या साइट चालवणाऱ्याच्या हातात आहेत.

दुसरं उत्तर, खर्च वाढेल, मग फ्लॅट महाग होईल. एका सिग्नलमनचा रोज, चार बॅरिकेड, दोन लाइट आणि वर्षाला एक तपासणी, हे बाणेर-बालेवाडीत कोटी-दीड कोटीला विकल्या जाणाऱ्या फ्लॅटच्या किमतीत किती येणार? हे ज्यांना परवडत नाही असं म्हणतात त्यांच्या सॅम्पल फ्लॅटमधला इटालियन मार्बल बघावा. आणि सगळेच वाईट आहेत असं मी म्हणतच नाही, काही कॉन्ट्रॅक्टर रोज सकाळी टूल बॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सुरक्षेची छोटी बैठक, घेतात, परमिटशिवाय लिफ्टिंग करू देत नाहीत, नको त्या वेळी काँक्रीट ओतणं थांबवतात. त्यांना आज याचा काहीच फायदा नाही, उलट टेंडरमध्ये ते महाग ठरतात, कारण चांगली साइट आणि वाईट साइट बाहेरून ओळखायचं काही साधनच नाही.

पुण्याबाबत तर मला हे जास्तच लागतं, कारण या मशीन बनतातच आपल्या आजूबाजूला. जेसीबीचा कारखाना तळेगावला, सॅनी आणि ह्युंदाईच्या बांधकाम मशीनचे चाकणला. कारखान्यातून मशीन निघते तेव्हा तिला आरसे, रिव्हर्स अलार्म, सीट बेल्ट, सगळं असतं. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या साइटवर थोड्या वर्षांनी तीच मशीन बघा, आरसा तुटलेला, अलार्म बंद, बेल्ट सीटखाली. त्यात मशीन बनवणाऱ्याचा दोष नाही आणि चालवणाऱ्या पोराचा तर त्याहून नाही, ती कोणी तपासतच नाही हा दोष आहे.

पत्र्याच्या कुंपणाच्या बाहेर तीच मशीन आली की मात्र आपल्याला लगेच दिसते. 2025 च्या जानेवारीत हिंजवडीत सिमेंटचा मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणी गेल्या. 2024 च्या डिसेंबरमध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर गेला, तीन जण गेले, त्यात दोन तर अगदी तान्ही मुलं, अमरावतीकडून कामासाठी आलेली कुटुंबं होती ती. लोक चिडले, जड वाहनांच्या वेळेवर बोलले, आणि बरोबरच केलं. पण तोच मिक्सर पुढच्या गेटमधून आत गेला की तिथे लेबर कॅम्पमधली पोरं खडीच्या ढिगावर खेळत असतात, आणि तिथे जे घडतं त्याच्यावर कोणी चिडत नाही कारण कोणाला कळतच नाही. आपल्याकडे कारखान्यांतल्या अपघातांचे तरी आकडे दरवर्षी निघतात, बांधकामावरच्या मशीनने पुण्यात वर्षभरात किती माणसं मेली आणि किती जणांचे हातपाय गेले याचा एक साधा तक्ता कुठे बघायला मिळत नाही.

म्हणून अहवाल उघडे करा म्हणतो. आणि ते टाकायला जागा आपल्याकडे तयार आहे, महारेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, वेबसाइट. 2017 पासून नोंदणी झालेल्या प्रत्येक प्रोजेक्टचं तिथे पान आहे, त्यावर परवानग्या असतात, कोर्टकेस असतात, दर तीन महिन्यांनी काम किती झालं ते टाकावं लागतं, जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो जो स्कॅन केला की ते पान उघडतं. त्या पानावर अजून एक भाग वाढवा, या साइटवर झालेले अपघात, तारीख, कुठली मशीन, काय कारण सापडलं, काय दुरुस्ती केली. मेलेल्याचं नाव टाकायची गरज नाही. फ्लॅट घेणारा माणूस पार्किंग किती, कार्पेट किती, अमेनिटी काय हे सगळं बघतो, त्याला हेही दिसू दे. कोणी म्हणेल महारेरा ग्राहकांसाठी आहे, मजुरांसाठी नाही. अहो, पण ज्या साइटवर लिफ्टचा स्विच बायपास होतो, मातीची तपासणी न करता पंप उभा राहतो, त्या साइटवरचं काँक्रीट तरी नीट तपासलं जात असेल का? ती माहिती ग्राहकाच्याही कामाची आहे, आणि अपघातानंतर काम बंद पडलं तर पझेशन लांबतं तेही ग्राहकाचंच.

मोठ्या सरकारी कामांनाही हेच लागू करायला पाहिजे, मेट्रो, रिंग रोड, फ्लायओव्हर, सगळ्यांना, त्यांच्यासाठी महारेरा नाही तर त्या त्या खात्याच्या वेबसाइटवर. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारं लाँचर कोसळून 20 माणसं गेली, ते काही गल्लीतल्या बिल्डरचं काम नव्हतं. मशीन जेवढी मोठी तेवढं तिच्यात नेमकं काय बिघडलं हे बाकीच्या सगळ्या साइटना कळायची गरज जास्त. विमानाच्या अपघाताचा तपास अहवाल छापून सगळ्यांसाठी उघडा ठेवतात, म्हणून पुढच्या विमानातली तीच चूक सुधारता येते. क्रेनचा अहवाल दडवून ठेवण्यासारखं त्यात काय आहे?

पैसा नाही हे कारण तर कोणी देऊच नये. बांधकामाच्या खर्चाच्या 1 टक्का सेस, म्हणजे उपकर, मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो, बांधकाम परवानगीच्या वेळीच महापालिका तो भरून घेते. देशभरात हा पैसा वर्षानुवर्षं पडून राहिला, काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर फार कडक शब्दांत सरकारांना सुनावलं. आपल्या राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असलेला मजूर कामावर मेला तर वारसांना 5 लाख मिळतात, पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ज्याने द्यायचा तोच ठेकेदार बऱ्याचदा द्यायला तयार नसतो. या सेसमधून पुणे जिल्ह्यासाठी मशीन तपासणारे चार-पाच प्रशिक्षित इंजिनियर आणि एक गाडी एवढं उभं करायला काय हरकत आहे ते मला खरंच कळत नाही. 250 किंवा जास्त मजूर असलेल्या साइटला आता सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, आधी ही मर्यादा 500 होती, ते चांगलंच झालं, पण पुण्यातल्या कितीतरी साइटवर एका वेळी साठ-सत्तर माणसं असतात आणि जुन्या हायड्रा नेमक्या तिथेच येतात, तिथे हा फिरता इंजिनियर पोचला पाहिजे.

महापालिका आणि पीएमआरडीएकडेही (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) एक हत्यार आहे, ते वापरत नाहीत एवढंच. काम सुरू करायचा दाखला ते देतात, भोगवटा पत्र ते देतात. प्लिंथ चेकिंगला, म्हणजे जोतं तपासायला, माणूस येतो, साइड मार्जिन मोजतो, जिना मोजतो. त्याच फाइलमध्ये एक कागद वाढवा, साइटवर आलेल्या मशीनची यादी, प्रत्येकीचं तपासणी सर्टिफिकेट, ऑपरेटरचं लायसन. मृत्यू झाला असेल आणि चौकशी पूर्ण नसेल तर भोगवटा पत्र थांबवा. एका फाइलला चार महिने उशीर झाला की पुढच्या साइटवर सिग्नलमन आपोआप उभा राहील, हे या धंद्यात काम केलेल्या कोणालाही विचारा.

केंद्राचा कोड आलाय, आता महाराष्ट्राने आपल्या नियमांत एक ओळ घालायची आहे: बांधकामावरच्या प्रत्येक मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा चौकशी अहवाल पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत त्या प्रोजेक्टच्या सार्वजनिक पानावर टाकावा, आणि त्यात मशीन कोणाची, कोणी मागवली आणि त्या वेळी साइटवर निर्णय घेणारा कोण होता हे लिहावं. आपापल्या आमदाराला, कामगार विभागाला एवढी एक मागणी लिहून पाठवा, आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा सेल्स ऑफिसमध्ये बसल्या बसल्या विचारा, या साइटवर आतापर्यंत किती अपघात झाले आणि त्याचे कागद दाखवता का.